रोमचं जुनं शहर, आठ महिन्यांनी: आधी नळाबद्दल लिहिते

परवा कोलोसियमसमोर एका गाडीवाल्याने सासऱ्यांकडून पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचे ४ युरो घेतले. मी तिकिटाच्या रांगेत होते, येईपर्यंत झाकण उघडून झालं होतं. गाडीवर भावाची पाटी नव्हती. जमेल तेवढ्या इटालियनमध्ये भांडले, पण पैसे काही परत मिळाले नाहीत. आणि तिथून पन्नास-साठ पावलांवर नळ वाहत होता. म्हणून हा अनुभव नळापासून सुरू करते. कोलोसियमचे फोटो तुम्ही पाहिलेलेच आहेत.

या नळाला इथे ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक. छातीच्या खालपर्यंत येणारा बिडाचा खांब, वजन साधारण शंभर किलो, आणि त्यातून नाकासारखी बाहेर आलेली वाकडी नळी. पहिले नळ १८७४ साली बसवले, आज शहरभर अडीच हजारांच्या आसपास आहेत. नळीच्या वरच्या अंगाला एक छोटं भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबून धरलं की त्या भोकातून धार वर उडते आणि वाकावं लागत नाही. आईंना (सासूबाईंना) कमरेचा त्रास आहे. त्यांनी पहिल्यांदा बोट दाबलं तेव्हा पाणी थेट चष्म्यावर आलं, दुसऱ्यांदा बरोबर ओठांशी. नंतर प्रत्येक नळाशी त्या थांबायच्याच.

पण या नळाला तोटी नाही. पाणी चोवीस तास चालू. खरं सांगते, पहिले तीन महिने मला ते बघवत नव्हतं. मी लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी बारावीत होते. टँकरचा आवाज आला की पुस्तक टाकून घागर घेऊन पळायचं. इथे नळाजवळून जाताना हात आपोआप तोटी शोधायचा. नोव्हेंबरात बहिणीला लिहिलं होतं, “इतकी जुनी संस्कृती आणि पाण्याची ही नासाडी!”

ते मत आता बदललंय. २०१७ च्या दुष्काळात इथेही हे नळ टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले होते, तेव्हा लोक चिडले. रस्त्यावर राहणाऱ्यांना पिण्याचं पाणी मिळतं ते इथेच. आणि त्या वेळी जमिनीखालच्या जुन्या पाइपांतून चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी गळत होतं. नळांतून जाणारं त्यापुढे किरकोळ, एक टक्क्याच्या आसपास. माझा राग आता त्या पाइपांवर आहे. शिवाय पाणी वाहतं असल्यामुळे नळीत साचून राहत नाही आणि जुलैच्या उन्हातही गार लागतं. एकच तक्रार: क्षार भरपूर. बाटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो, आठवड्याला लिंबू लावून घासावी लागते.

जुन्या शहरात फिरायचं तर पाण्याच्या मागे मागे फिरा, माझा हाच सल्ला. पँथिऑन या प्राचीन रोमन देवळासमोरच्या चौकात जुन्या घडणीचा नळ आहे, तीन ड्रॅगनमुखांचा. देवळाच्या आत जायला २०२३ च्या जुलैपासून ५ युरो लागू झाले, महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. जमलं तर पावसात जा. घुमटाचा व्यास ४३ मीटर आणि मधोमध उघडं भोक. तिथून पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. आम्ही जानेवारीत तासभर नुसते ते बघत उभे होतो.

स्पॅनिश पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून दंड आहे. पायऱ्यांखालचं कारंजं मात्र नीट बघा. अर्धवट बुडालेल्या होडीसारखं, जमिनीलगत. तिथे पाण्याला दाब कमी होता, उंच कारंजं उडालंच नसतं, म्हणून ही होडी. पाणी येतं ते इसवी सन पूर्व १९ मध्ये रोमन सेनापती अग्रिप्पाने आणलेल्या कालव्याच्या वाटेने, आणि प्रसिद्ध ट्रेव्ही कारंज्यालाही त्याच वाटेने.

नवोना चौकात शिल्पकार बर्निनीचं १६५१ चं चार नद्यांचं कारंजं आहे, त्यात आपली गंगा आहे. आई बराच वेळ बघत राहिल्या. “अगं, गंगामाई म्हणतेस, मग हिला दाढी कशी?” इकडे नद्यांना पुरुषदेव मानून घडवायचे, म्हणून हातात लांब वल्हं घेतलेला दाढीवाला. आईंनी तरीही चपला काढून हात जोडले.

चालताना जाड तळव्याचेच बूट घाला. काळ्या दगडी चौकोनांच्या फटींत टाच अडकते, माझी एक जोडी चार महिन्यांत गेली. बस-मेट्रोचा महिन्याचा ३५ युरोचा पास जुन्या शहरापुरता असेल तर काढू नका, सगळं पायीच होतं. आणि पाणी फुकट असलं तरी स्वच्छतागृह फुकट मिळणं कठीण. बारमध्ये (इथे कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात) उभ्याने एक कॉफी घ्यायची आणि विचारायचं. बसून प्यायलात तर तीच कॉफी महाग पडते. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हे आधीच हिशेबात धरा, आमची दोनदा फार ओढाताण झाली.

ती ४ युरोची बाटली अप्पांनी (सासऱ्यांनी) टाकू दिली नाही. रोज सकाळी खालच्या चौकातल्या नळावर तीच भरून आणतात आणि भरून झाली की नळीखाली हात धरून थोडा वेळ तिथेच उभे राहतात.