सहा पानांचा मेनू आणि पिशवीतलं आगळ

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना रस्त्यालगत एक नवं बार-रेस्टॉरंट झालंय. नाव लिहीत नाही, कारण खाली दोन-तीन बोचणाऱ्या गोष्टी येणार आहेत आणि मालकाची आई आणि मी एकाच बचत गटात पापड लाटलेत. शोधणाऱ्याला सापडेल. दारात एक जुनी होडी उलटी टाकून तिच्यावर दिव्यांच्या माळा सोडल्यात.

आधी माझ्याबद्दल. मी कोकम करते. आगळ (मिठातला कोकमाचा रस), अमृत कोकम, सोलं, जे सांगाल ते, गेली ३५ वर्षं. दारू वर्षातून दोनदा-तीनदा, ती पण कोणी आग्रह केला तर. तेव्हा दारूबद्दल माझं ऐकू नका. आंबटाबद्दल मात्र ऐका.

एप्रिलअखेरची संध्याकाळ. मी, आमचे हे आणि बहिणीचा मुलगा. भाचा क्रूझच्या बोटीवर बारमध्ये असतो, रजेवर आलेला. गाडी तो चालवणार म्हणून त्याने रात्रभर लिंबूसोडाच घेतला, पण आमच्या प्रत्येक ग्लासात स्ट्रॉ बुडवून टोकाचा थेंब जिभेवर ठेवणं काही सोडलं नाही.

या जागेचं पहिलं कौतुक मेनूचं. आपल्याकडे कॉकटेलची यादी म्हणजे ‘ब्लू लगून’, ‘सनसेट’ असली नावं एकाखाली एक. आत काय आहे ते ग्लास रिकामा झाल्यावरही कळत नाही. इथे सहा पानं आहेत: जिन, रम, व्होडका, व्हिस्की, टकिला, ब्रँडी. ज्या दारूवर कॉकटेल उभं आहे त्या दारूच्या पानावर ते, आणि नावाखाली आत काय काय घातलं ते साध्या मराठीत. “मावशे, नावां वाचू नको, खालची ओळ वाच,” भाचा म्हणाला. खालची ओळ वाचत गेले आणि गंमत दिसायला लागली. रमच्या पानावरची डायकिरी म्हणजे रम, लिंबू, साखर. व्हिस्की सावर म्हणजे व्हिस्की, लिंबू, साखर. मार्गारिटा म्हणजे टकिला, लिंबू आणि साखरेच्या जागी संत्र्याचं गोड लिकर. ब्रँडीच्या पानावरची साइडकारही तीच, फक्त टकिलाच्या जागी कोन्याक. पान बदललं तरी घराणं एकच. आमटी तीच, डाळ वेगळी.

डायकिरीपासून सुरुवात केली. क्युबात सँतियागोजवळ लोखंडाच्या खाणीचं एक गाव आहे, त्याचं हे नाव. सावंतवाडीकडचा एक पोरगा बार सांभाळतो. त्याने समोर लिंबू कापलं, समोर पिळलं. ६० मिली पांढरी रम, त्याच्या निम्मा रस, साखरेचा पाक त्याहून थोडा कमी. बर्फासकट जोरात घुसळून गाळून दिली. जिथे लिंबू आहे तिथे घुसळायचं, जिथे नुसती दारूच दारू आहे तिथे चमच्याने ढवळायचं, असा भाच्याचा नियम. पहिला घोट जिभेच्या दोन्ही कडांना लागला आणि गोड मागून आलं. हेच हवं असतं. या जागेत काय प्यावं असं कोणी विचारलं तर डोळे मिटून ही सांगेन.

जिनच्या पानावर ‘कोकम जिमलेट’ होतं, आणि मी गेले होते मुळात त्याच्यासाठी. जिमलेट म्हणजे जिन आणि साखरेत टिकवलेला लिंबाचा रस. जुन्या काळी बोटीवरच्या खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून लिंबाचा रस द्यायचे आणि तो टिकावा म्हणून त्यात दारू घालायचे. १८६७ मध्ये लॉकलन रोझ नावाच्या स्कॉटिश माणसाने दारूऐवजी साखरेत रस टिकवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. भाच्याने हे सांगितल्यावर मी हसलेच. आम्ही दुसरं काय करतो? कोकमाची फळं फोडायची, वाट्यांत साखर भरायची, बरणी उन्हात ठेवायची, आठवड्यात पाक सुटतो. अमृत कोकम म्हणजे आमचं रोझ साहेबांचं लिंबू. म्हणजे जिनबरोबर कोकम ही कल्पना एकदम बरोबर.

आणि ग्लासात आलं काय? कुंकवासारखं लालभडक. अस्सल कोकमाचा रंग असा कधीच नसतो. तो काळपट, जांभळ्याकडे झुकणारा. त्या दिवसांत माझी नखं बघितली असतीत तर कळलं असतं. ही बाटलीतली, रंग घातलेली सिरप होती. वास नाही, तुरटपणा नाही, नुसती साखर. कोकमाच्या मुलुखात, कोकमाच्या हंगामात! आजूबाजूच्या वाड्यांत झाडाखाली फळांचा सडा पडलाय आणि यांची सिरप खोक्यातून येते. अर्ध्यावर ठेवून दिलं.

व्हिस्कीच्या पानावर ह्यांनी ओल्ड फॅशन्ड मागवलं, कारण नावात ‘ओल्ड’ होतं. १८०६ च्या एका अमेरिकन वर्तमानपत्रात कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्काचे थेंब. ओल्ड फॅशन्ड आजही तेवढंच आहे. इथे मात्र त्यात संत्र्याची फोड चेचून वरून सोडा ओतला होता. भाच्याचा चेहरा पडला. ह्यांनी एक घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, “बरां असा. सोडो थोडो कमी पडलो.” या परीक्षणात त्यांचं मत धरू नये.

व्होडकाला स्वतःची चव जवळजवळ नसते, त्यामुळे ते पान मी चटकन उलटणार होते, पण मॉस्को म्यूल तांब्याच्या मगात आलं आणि माझा जीव वर-खाली झाला. त्यात आल्याची बिअर असते आणि लिंबू पिळलेलं असतं. आंबट तांब्यात? आमच्याकडे कल्हई नसलेल्या भांड्यात आगळ काय, ताकही ठेवत नाहीत, कळकतं. मोबाइलचा दिवा लावून मगाच्या आत बघितलं. आतून स्टील होतं. मग प्याले. आलं झणझणीत होतं, याहून जास्त सांगण्यासारखं नाही. त्याच पानावर ‘सोलकढी मार्टिनी’ आहे. लसूण आणि व्होडका एका ग्लासात. शेजारच्या टेबलावर पुण्याची मंडळी होती, त्यांनी ती मागवली आणि फोटो काढला. फोटो काढल्यावर ती तशीच होती.

मधेच लाईट गेली. जनरेटर दहा मिनिटांनी लागला, तेवढ्यात बर्फ ओला झाला होता, आणि त्यानंतरची साइडकार पाणचट निघाली. ब्रँडी म्हणजे आमच्या घरी सर्दीला गरम पाण्यातून चमचाभर, तेव्हा मला फार वाईट वाटलं नाही. पण कॉकटेलला साडेचारशे, वर कर, एवढे घेता तर बर्फाची पेटी चांगली घ्या. मासळीवाले दिवसभर उन्हात बर्फ टिकवतात.

आता टकिला. मार्गारिटाच्या ग्लासाच्या काठाला मीठ लावतात. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात एकदम पेटलं: आंबट आणि मीठ, हे तर आगळ! साखरेतलं अमृत जिनकडे जावं, मिठातलं आगळ टकिलाकडे. पिशवीत अर्ध्या लिटरची बाटली होतीच, नणंदेसाठी घेतलेली. बारवाल्या पोराला म्हटलं, काठाचं मीठ काढ, लिंबू निम्मं कर आणि एक चमचा हे घाल. “काकीनू, खारट जातलां,” तो म्हणाला. तरी घातलं त्याने. काळसर लाल, वर बारीक फेस. त्याने स्वतः चमच्यावर थेंब घेऊन चाखला आणि मग आणखी अर्धा चमचा घातला, मी न सांगता. तीनशे साठ रुपयांची तळलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, समोर होती, रवा लावून कुरकुरीत केलेली. त्यांच्याबरोबर असं काही जमलं की ह्यांनीही सोडा मागितला नाही.

एक गोष्ट राहिली. सहा पानांत काजूच्या दारूचं, फेणीचं, पान नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, तो गोव्यात रुजला तसाच आमच्याकडेही रुजला. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इकडे आम्ही बी काढून घेतो आणि बोंडू झाडाखाली कुजतात. जेवताना वाऱ्याबरोबर तोच वास येत होता. मालकाला विचारलं तर म्हणाला, परवान्याशिवाय गोव्याची बाटली हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावरून आणता येत नाही, आणि परवान्यापायी हेलपाटे कोण घालणार. खरं आहे त्याचं. पण ब्राझीलचीच कायपिरिन्हा, उसाची दारू, लिंबू आणि साखर, ती रमच्या पानावर आहे, आणि त्याच ब्राझीलच्या झाडाचा वास खिडकीतून येतोय, हे जरा चमत्कारिक वाटलं.

जाणाऱ्यांसाठी: सातच्या आत जा, बर्फ ताजा असतो. डायकिरी घ्या, सुंगटं घ्या. कोकमाच्या कशालाही हात लावू नका, निदान सध्या. बिल देताना तो पोरगा मागून आला आणि आगळ कितीला देता म्हणून हळूच विचारलं. भाव सांगितला. बाटली तिथेच ठेवून आले. नणंदेला दुसऱ्या दिवशी नवी भरून दिली.