लिंबू, कासव आणि गिरणी: मुलांचा राग उतरवणाऱ्या कल्पनाचित्रांचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलं, आता उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा परत उघडायला आल्यात. मुलांना मनात एखादं चित्र रंगवायला लावायचं आणि त्यातून राग, भीती, रडारड खाली आणायची, असा हा प्रकार. घरात गिऱ्हाइकं दोन. धाकटा सात वर्षांचा, तापट. थोरली अकराची, सगळं पोटात ठेवणारी. उपयोग होतो का? धाकट्याला भरपूर, थोरलीला जेमतेम.

आधी एका ॲपचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं. आवाज गोड, मागे बासरी, मराठी मात्र डबिंग केलेल्या जाहिरातीसारखं. ‘आपण एका शांत समुद्रकिनाऱ्यावर आहात.’ आमच्या पोराचा समुद्र म्हणजे अलिबाग: घोडागाडी, उंट आणि गरम भजी. दुसऱ्याच वाक्याला उठून बसला, ‘आई, कधी जायचं?’

चाललं ते लिंबू. डाव्या मुठीत लिंबू आहे असं समजायचं, सगळा रस निघेपर्यंत पिळायचं, मग टाकून द्यायचं आणि हात कसा सैल पडला ते बघायचं. मग उजवी मूठ. त्यानंतर कासव होऊन खांदे कानापर्यंत ओढून घ्यायचे, धोका टळला की मान हळूच बाहेर. शेवटी पोटावर हत्तीचं पिल्लू पाय देतंय म्हणून पोट घट्ट करायचं. ही चित्रं आर्लीन कोपेन यांनी १९७४ साली मुलांसाठी लिहिली. स्नायू आधी आवळून मग सोडायचे, ही मूळ युक्ती त्याहून जुनी, अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांची. सासूबाईंना कासव ऐकूनच पटलं, कारण इंद्रियं आवरणाऱ्याला गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कासवाचीच उपमा आहे. धाकट्याचं लिंबू इतकं खरं असतं की पिळून झाल्यावर तो हात चड्डीला पुसतो आणि ‘बी राहिली’ म्हणून परत मूठ वळतो.

राग चढलेला असताना मात्र ‘डोळे मिट’ म्हणून काही होत नाही, पोर आणखी भडकतं. रात्री अंथरुणावर, सगळं शांत असताना रोज करून घ्यायचं. सवय मुरली की भांडणाच्या वेळी नुसतं ‘लिंबू’ म्हटलं तरी मूठ आपोआप वळते. आमच्याकडे हे जमायला हिवाळा सरला.

दुसरी गोष्ट, चित्र मुलाचंच हवं. ‘तुला कुठे बरं वाटतं?’ असं विचारल्यावर पठ्ठ्याने आजोबांची पिठाची गिरणी सांगितली! घरघर, पट्ट्याचा फटफटाट, हवेत पीठ. मी बाग, नदी असलं काहीतरी धरून बसले होते. पण डब्यात पडणाऱ्या गरम पिठात हात घालतोय असं म्हटलं की त्याचा श्वास खरंच लांबतो.

सोमवारी सकाळी त्याचं पोट दुखायचं. डॉक्टरांनी तपासून काही नाही असं सांगितल्यावरच हे वापरलं. अशा पोटदुखीवर अमेरिकेत एक छोटा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात ६ ते १५ वयाची ३४ मुलं होती. घरी अशा कल्पनाचित्रांच्या ध्वनिफिती ऐकणाऱ्यांपैकी ६३ टक्के मुलांचं दुखणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालं, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २७ टक्के मुलांचं. त्यातल्या एका चित्रात चमकणारी वस्तू हातात वितळते आणि तो हात पोटावर ठेवला की ऊब आत पसरते. आम्ही वस्तूच्या जागी गरम पीठ घातलं. दुखणं गेलं नाही, पण दप्तर उचलण्याइतकं कमी होतं.

थोरली सरळ म्हणाली, ‘मला डोळे मिटल्यावर काळंच दिसतं.’ नाटक वाटेल, पण काहींना मनात चित्र उमटतच नाही. ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये त्याला अ‍ॅफँटेशिया असं नाव दिलं. तिचं तेच आहे का, या फंदात मी पडले नाही. तिला लिंबू पिळणं चालतं, कारण त्यात बघायचं काही नाही. बाकी ती डोळे उघडे ठेवून पंख्याचा आवाज ऐकते. तेही चालतं.

एखाद्या प्रसंगाने हादरलेलं मूल असेल, डोळे मिटताच घाबरत असेल, तर घरचे प्रयोग थांबवून समुपदेशकाकडे न्या. ॲपचे पैसे मी पुढच्या वर्षी भरणार नाही. आजोबांनी गिरणीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलाय, त्यावर मी माझ्या आवाजात चार वाक्यं बोलते.