तरवडाची पावडर म्हणून शुगरचं औषध घेतलं, आप्पा मरता मरता वाचले

मी परभणी जिल्ह्यातला. लिहायला उशीर झालाय पण ती पावडर विकणारा माणूस आमच्या भागात अजून फिरतोय म्हणून लिहितोय. आठवडी बाजारात पाल टाकून बसायचा, समोर तरवडाची वाळलेली पिवळी फुलं, माकडशिंगीच्या कांड्या, गोखरू, सोनामुखीची पानं. आता ही झाडं आपल्याला नवीन नाहीत, तरवड तर माळावर, बांधावर कुठंबी दिसतो, आजी त्याच्या फुलांचा काढा करायची, म्हणून आप्पांचा लगेच विश्वास बसला. तीन महिन्याचा कोर्स साडेसहा हजार, वर "शुगर मुळापासून जाईल" अशी गॅरंटी.

आठ दिवसात शुगर २४० वरनं ११० वर. सगळे खुश, मी स्वतः दोन पाव्हण्यांना त्याचा नंबर दिला, ते अजून मनाला लागतं. अठराव्या दिवशी पहाटे आप्पा घामानं चिंब, काहीतरी बरळत होते, मला ओळखेनात. मशीनवर शुगर ३८! तसंच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. ग्लुकोज लावलं की चढायची आणि थोड्या वेळानं परत खाली, दोन दिवस हेच. डॉक्टर म्हणले नुसत्या झाडपाल्यानं अशी पडत नाही, यात शुगरची गोळी कुटून घातलेली असणार, आणि आप्पांची रोजची गोळी चालूच होती म्हणजे डबल डोस झाला. असल्या पावडरीत ग्लिबेनक्लामाइड (शुगर उतरवायचं गोळीतलं औषध) सापडल्याच्या केसेस झाल्यात म्हणे, त्याचा असर लवकर उतरत नाही, किडनी कमजोर असली तर अजूनच.

मग डबा नीट बघितला. लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, एक्सपायरी नाही, आत काय काय आहे तेबी नाही, नुसता फुलाचा फोटो. तरवड तुरट असतो, त्याच्या सालीनं चामडं कमवायचे, ही पावडर कडूजहर होती, तिथंच शंका यायला पाहिजे होती. आणि डायबेटिस बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे हे मला आत्ता कळलं. पावती मागितलीच नव्हती. उरलेली पावडर अन्न व औषध प्रशासनाकडं दिलीय, त्या माणसाचा फोन बंद लागतो.

पाव्हण्यांना त्याच दिवशी फोन करून बंद करायला लावली. गल्लीत अजून चौघांनी घेतलेली, घरोघर जाऊन सांगितलं. तिघांनी फेकली. एक काकू अजून घेतायत, म्हणतात मला तर फरक पडलाय.