100/90 चा बल्ब की आहे त्याच बल्बला रिले?

आरेच्या रस्त्यावर पावसाळ्यात रात्री बाइक चालवली की पहिला विचार येतो तो हेडलाइटला 100/90 चा बल्ब लावण्याचा, म्हणजे अप्पर (लांबचा झोत) 100 वॉट आणि डिप्पर (जवळचा झोत) 90 वॉट. जुना 60/55 काढा, हा लावा, पाच मिनिटांचं काम. तरीही माझं मत आधीच सांगतो: बल्ब राहू द्या, पैसे रिलेवर, म्हणजे हँडलवरच्या स्विचच्या इशाऱ्यावर बल्बचा करंट जोडणाऱ्या वेगळ्या स्विचवर, घाला.

12 व्होल्टवर 55 वॉटचा डिप्पर साधारण साडेचार अँपिअर करंट ओढतो, 90 वॉटचा साडेसात. हा सगळा करंट हँडलवरच्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून जातो. वायर तापते, स्विचचे पॉइंट जळतात. माझ्या जुन्या गाडीचा प्लास्टिकचा होल्डर असाच वितळून बल्बला चिकटला आणि घोडबंदर रोडवर ट्रकांच्या मधोमध अप्पर-डिप्पर दोन्ही गेले. ती रात्र मी विसरलेलो नाही.

त्यात एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालूच असतो. सायनच्या सिग्नलला इंजिन आयडलवर असताना चार्जिंग कमी आणि बल्बची भूक तेवढीच, म्हणजे भार बॅटरीवर. प्लास्टिकचा रिफ्लेक्टर असेल तर तोही उष्णतेने खराब होतो. शिवाय 100/90 नियमात बसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवतो, तो त्रास वेगळाच.

आता रिले. स्विच फक्त रिलेला इशारा देतो. बल्बचा करंट बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड वायरीने थेट येतो. फायदा किती होईल ते आधीच मोजता येतं. इंजिन थोडं रेस ठेवून, लाइट चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीवरचे आणि बल्बच्या पिनांवरचे व्होल्ट बघा. बॅटरीवर 13.2 आणि बल्बवर 12.2 आले, तर तो एक व्होल्ट तुमचा जवळपास पाव भाग प्रकाश खातोय. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा कितीतरी झपाट्याने पडतो. फरक अगदीच किरकोळ निघाला, तर रिलेनेही फारसं काही बदलणार नाही.

आधी एक गोष्ट तपासाच: आयडलवर लाइट मंद आणि रेस केल्यावर प्रखर होत असेल, तर गाडीचा हेडलाइट बॅटरीऐवजी थेट इंजिनकडून येणाऱ्या एसी (अल्टरनेटिंग) करंटवर असू शकतो. तिथे हे वायरिंग तसंच चालत नाही, चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.

35/35 च्या गाडीत कानस मारून 60/55 बसवणारेही भेटतील. खाच बदलली की फिलामेंटची जागा हलते आणि झोत विस्कटतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी खुपसण्याचंही तेच.

रिले टाकल्यावर सोसायटीच्या पार्किंगमधल्या भिंतीसमोर गाडी सरळ उभी करा, वर कुणाला तरी बसवा आणि डिप्परचा झोत हेडलाइटच्या उंचीपेक्षा थोडा खाली पडतोय का ते बघा. माझ्या गाडीला निम्मा फरक झोत वर-खाली करणाऱ्या त्या एका स्क्रूने पडला.