मेरी क्रीकच्या काठावरचा सोहळा

मेलबर्नमधून वाहत डाइट्स फॉल्सपाशी यारा नदीला मिळणारा मेरी क्रीक हा ओढा एकेकाळी कचऱ्याने आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने पार नासला होता. त्याच्या पुनरुज्जीवनाच्या सोहळ्याला आम्ही सहकुटुंब गेलो. या भागातील मूळ रहिवासी असलेल्या वुरुंजेरी समाजातील एका ज्येष्ठ बाईंनी ओल्या पानांचा धूर करून स्वागत केले आणि त्यांच्या वोईवुरुंग भाषेत ‘मेरी मेरी’ म्हणजे ‘खूप खडकाळ’, हे सांगताना पायाखालच्या काळ्या बसाल्टकडे बोट दाखवले, तेव्हा नावाचा उलगडा झाला. दुर्दैवाने ध्वनिक्षेपकाने मध्येच दगा दिल्याने त्यांचे पुढचे बोलणे मागच्या रांगांपर्यंत पोहोचलेच नाही, आणि ही चूक मला अक्षम्य वाटते. खाद्यपदार्थांचे स्टॉल यथातथाच होते. मुलांनी मात्र कांगारू गवताची रोपे लावली, आणि चिखलाने माखलेले हात धुवायला ती मुळीच तयार नव्हती.