विमान उडवायला शिकताय? आधी सरांचं बोट बघा

गेल्या महिन्यात म्हापशाच्या बाजारात एक ओळखीचे गृहस्थ भेटले. मुलाला रिमोटचं विमान शिकायचंय, क्लबचे एक सर मिळालेत, ते थेट रेसिंगचाच कोर्स घेतात, असं मोठ्या कौतुकाने सांगत होते. सर कसे दिसतात, कसं बोलतात हे त्यांच्या तोंडून ऐकलं आणि हातातली पिशवी मी खाली ठेवली. ज्याने मला फसवलं, तोच माणूस. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण या फसवणुकीत वस्तू खोटी नसते. विमान खरं असतं, इंजिन खरं असतं आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर उडतंही.

मी डिचोलीचा. वीस वर्षं खाणीवरच्या ट्रकांची इंजिनं उघडून बसवली. २०१८ साली खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हा स्वतःचं लहानसं गॅरेज टाकलं. रिमोटच्या विमानांचं वेड भाच्यामुळे लागलं. त्याने मोबाइलवर पायलॉन रेसिंग दाखवलं. मैदानात तीन खांब असतात: दोन अलीकडे, एकमेकांपासून ४० मीटरवर, आणि एक पलीकडे, १८० मीटर लांब. विमानांनी या त्रिकोणाला दहा फेऱ्या मारायच्या, सगळी वळणं डावीकडे. म्हणजे साधारण चार किलोमीटर. वरच्या वर्गातले पायलट हे अंतर मिनिटभरात कापतात आणि त्यांच्या विमानाचं इंजिन असतं फक्त साडेसहा सीसीचं. साडेसहा सीसी! त्या रात्री मला झोप लागली नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पेडण्याच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, हे सर भेटले. बोलायला गोड, हात सफाईचा. सभासद फी १२,००० रुपये, शिवाय दर रविवारच्या शिकवणीचे १,५००. पावतीवर क्लबचं नाव छापलेलं होतं, नोंदणी क्रमांक नव्हता. ते मला तेव्हा दिसलं नाही.

शिकवायची पद्धत बडी बॉक्सची. दोन रिमोट केबलने जोडलेले असतात, एक सरांच्या हातात, एक शिकणाऱ्याच्या. सरांच्या रिमोटवर स्प्रिंगचा एक स्विच असतो. तो त्यांनी दाबून धरला की विमान तुमच्या स्टिकचं ऐकतं, बोट सुटलं की त्यांच्या. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, त्यातलाच प्रकार. पद्धत उत्तम आहे. पण शिकणाऱ्याची नजर सगळा वेळ आकाशात असते. बाजूला उभ्या असलेल्या माणसाचं बोट कुठे आहे, हे त्याला दिसत नाही.

सर माझ्या खांद्याशी उभे राहून सांगायचे, "डावीकडे... ओढा... सोडा, सरळ." मी तसं करायचो, विमान तसं वळायचं. दुसऱ्याच रविवारी ते म्हणाले, "भाऊ, तुमचा हात जन्मजात आहे." एकदा मी विचारलंही, प्रत्येक वळण तुम्ही का सांगता? त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: रेसिंगमध्ये असंच असतं, पायलटशेजारी कॉलर उभा राहतो, तो ओरडतो आणि पायलट वळवतो. आणि हे अगदी खरं आहे. लांबच्या खांबापलीकडे विमान गेलं की नाही हे पायलटला जागेवरून नीट कळत नाही आणि खांबाच्या आतून वळलं तर दंड बसतो, म्हणून कॉलर लागतोच. त्यांची अर्धीअधिक वाक्यं अशी खरीच असायची. त्यामुळे शंका घ्यायला जागा राहायची नाही.

उजवं वळण कधी शिकवलं नाही, कारण "रेसमध्ये ते लागतच नाही". विमान उतरवणं तर नावालाही नाही. जांभ्याच्या कातळावर नवशिक्याने उतरवलं तर प्रोपेलर मोडेल, ते मी बघतो, म्हणायचे. आज मला माहीत आहे की शिकवण्याचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो. आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर, मग वर पंख असलेलं, संथ, स्वतःहून सरळ होणारं ट्रेनर विमान, मग सरळ उडवणं, दोन्ही बाजूंची वळणं, आठचा आकडा, उंचीवर वेग तोडून विमान पडू देणं आणि सावरणं, आणि मग पुन्हा पुन्हा उतरवणं. शर्यत या सगळ्यानंतर येते. जो पहिल्याच महिन्यात शर्यतीचं बोलतो, त्याला तुमच्या शिकण्याशी देणंघेणं नाही.

बारा रविवार झाले. तेरा झाले असते, पण ११ डिसेंबरला पेडण्यातल्याच मोपा विमानतळाचं उद्घाटन होतं आणि त्या रविवारी सरांनी स्वतःहून सुट्टी दिली. "बंदोबस्त आहे, उगाच चौकशी नको." ५ जानेवारीपासून तिथे रोजची विमानं सुरू झाली, तेव्हा मी परवानगीचं विचारलं. "सगळं घेतलेलं आहे," म्हणाले. कागद दाखवला नाही, मीही मागितला नाही.

फेब्रुवारीत त्यांनी मला रेसिंगचं विमान विकलं, ६५,००० रुपयांना. इथे मी माझ्या परीने पूर्ण काळजी घेतली. इंजिन हातात घेतलं, थंड असताना प्रोपेलर बोटाने फिरवून बघितला. अशा इंजिनात पिस्टन अगदी वर आला की तो किंचित आवळल्यासारखा लागला पाहिजे. सैल फिरला तर इंजिन झिजलेलं. हे छान आवळत होतं. सर्व्हो, म्हणजे पंखाच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटारी, तपासले, पंखाच्या सांध्यावरून नख फिरवलं, तोल बघितला. सगळं ठीक. ज्या गोष्टीत माझं आयुष्य गेलं तिथे त्यांनी मला फसवलंच नाही.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, ते विमान मी केबलशिवाय उडवलं. सरांनी आकाशात चढवून दिलं आणि रिमोट माझ्या हातात ठेवला. इंधनातल्या एरंडेलाचा तो जळका वास, इंजिनाची किंकाळी, आणि मी. पहिलं वळण घेऊन विमान माझ्याकडे तोंड करून येऊ लागलं. विमान समोरून येताना डावं-उजवं उलटं होतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. डावा पंख खाली दिसला म्हणून मी स्टिक उजवीकडे नेली, तो आणखी खाली गेला. चारेक सेकंदांत विमान काजूच्या बागेत. पाडाला आलेली बोंडं आणि पंखाचे तुकडे शेजारी शेजारी पडले होते.

सर काही रागावले नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होतं असं. तुम्ही घाबरलात." दुरुस्तीचे १४,००० घेतले. आणि मी खचू नये म्हणून पुण्याच्या एका शर्यतीत माझं नाव घालतो म्हणाले. प्रवेश आणि विमा मिळून १८,०००. मी तेही दिले. तीन महिने चांगलं उडवणारा माणूस चार सेकंदांत विमान घालवतो म्हणजे दोष माझाच, असं मी धरून चाललो होतो. बायकोला दुरुस्तीचा आकडा सांगितला नाही. गॅरेजमध्ये स्पॅनर धरतानाही हाताकडे बघायचो.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा घरी आला. ५ फेब्रुवारीला तो माझ्याबरोबर सड्यावर आला होता आणि मामाचं कौतुक म्हणून त्याने दोन-तीन मिनिटांची क्लिप काढली होती. जेवणं झाल्यावर बघत बसलो. एका जागी त्याने थांबवलं. "मामा, तू घाम पुसतोयस." खरंच, क्लिपमध्ये माझा उजवा हात कपाळावर आहे. वळवायची स्टिक उजव्याच हाताची. आणि वर, त्याच क्षणी, विमान डावीकडे सुरेख वळण घेतंय. मग आम्ही क्लिप पुन्हा पहिल्यापासून, सरांच्या हाताकडे बघत लावली. स्विचवर बोट एकदाही गेलेलं नाही. दोन्ही अंगठे स्टिकवर, आणि तोंडाने मला सूचना. ते स्वतः उडवत होते आणि जे करणार ते आधी मोठ्याने बोलत होते.

बारा रविवारांत एक सेकंदही ते विमान माझ्या हातात नव्हतं. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलं, आजही लागतं.

पुण्यात चौकशी केली, तशी शर्यत कुठे नव्हतीच. सरांना फोन केला. आवाज न चढवता म्हणाले, "तक्रार करा की. विमानतळाच्या शेजारी विमान उडवणारे तुम्ही. बिलावर नाव तुमचं." महिनाभर मी गप्प बसलो. माझ्यासारखे आणखी किती जण या एका वाक्यामुळे गप्प असतील कोण जाणे.

म्हणून नियम सांगतो. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली ही विमानंही येतात. डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर लाल, पिवळे, हिरवे भाग दाखवलेले असतात. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. त्याहून आत आलात की परवानगी हवी, आणि ती कागदावर हवी. गोवा एवढासा, उत्तरेला मोपा, दक्षिणेला दाबोळी, ते नौदलाचं. नकाशा न बघता सड्यावर जाऊच नका. आमचा सडा मोप्यापासून पाच किलोमीटरही नव्हता.

शेवटी मी क्लिप, पावत्या आणि यूपीआयच्या नोंदी घेऊन पोलिसांत गेलो. कुठे उडवत होतो तेही लपवलं नाही. अर्ज दिला आहे, चौकशी चालू आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनलाही फोन केला, पण पैसे जाऊन महिने उलटले होते. तो फोन त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासाला करायचा असतो.

आता मी सत्तरी तालुक्यात एका वयस्कर गृहस्थांकडे शिकतो. जागा हिरव्या भागात आहे, ती मी आधी नकाशावर पाहिली. पहिल्या दिवशी त्यांनी विमान जमिनीवरच ठेवलं, आपला रिमोट माझ्या डोळ्यांसमोर धरला, स्विचवरचं बोट उचललं आणि म्हणाले, "हलव स्टिक." विमानाच्या पंखाची पट्टी हलली नाही. मग बोट दाबलं. "आता हलव." पट्टी वरखाली झाली. या तपासणीला एक मिनिट लागतं. केबल लावल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, कोणाही सरांना हे करून दाखवायला सांगा. जो टाळेल त्याच्याकडे शिकू नका. आणि बरोबर कोणाला तरी न्या, जो आकाशाकडे न बघता सरांच्या हाताकडे बघेल. क्लिप काढली तर उत्तमच.

त्यानंतर फोमचं ट्रेनर वर गेलं. माझ्या हाताखाली ते दारूड्यासारखं झोकांड्या खात होतं, एकदा तर मागच्या माडांवरच चाललं होतं. "माझ्याकडे," ते मोठ्याने म्हणाले आणि बोट उचललं. विमान सरळ झालं. उंची घेऊन झाल्यावर म्हणाले, "घे, तुझ्याकडे," आणि ते परत झोकांड्या खायला लागलं.