‘इल गातोपार्दो’ची ब्लू-रे घेताय? आधी १८५, १६१ आणि १७८ हे आकडे समजून घ्या

लुकिनो विस्कोंतीच्या ‘इल गातोपार्दो’ची (इंग्रजीत ‘द लेपर्ड’, १९६३) दोन डिस्कची ब्लू-रे म्हणून मला घरी भाजलेल्या (म्हणजे संगणकावर नक्कल केलेल्या) बनावट डिस्क विकल्या गेल्या. साडेचार हजार रुपये गेले. विकणारा माणूस अडाणी नव्हता. या चित्रपटाच्या किती आवृत्त्या आहेत, त्यांत काय फरक आहे हे त्याला नीट ठाऊक होतं, आणि ती माहिती त्यानं माझ्याविरुद्ध वापरली. म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे. जुन्या युरोपियन चित्रपटांच्या डिस्क जमवणारे आपल्यात बरेच जण आहेत आणि हा माणूस अजून विकतो आहे.

आधी चित्रपटाबद्दल, कारण फसवणूक कुठे शिरली ते त्याशिवाय कळणार नाही. १८६० साली इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी सिसिलीत उतरला, त्या उलथापालथीत एका सरदार घराण्याचं काय झालं याची ही गोष्ट. कलाकार बर्ट लँकेस्टर, अलँ दलाँ, क्लाउदिया कार्दिनाले. १९६३ च्या कान महोत्सवात याला पाम द’ऑर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. चित्रण जुझेप्पे रोतुन्नो यांचं, टेक्निरामा पद्धतीनं केलेलं. त्यात फिल्म कॅमेऱ्यातून आडवी सरकते आणि एक चौकट फिल्मच्या कडेच्या नेहमीच्या चारऐवजी आठ छिद्रांएवढी असते. निगेटिव्ह एवढी मोठी असल्यामुळे तिच्यात जे बारकावे टिकतात, ते त्या काळच्या साध्या ३५ मिमी चित्रपटांत सापडत नाहीत. कपड्यांची वीण, पडद्यांचं जुनं रेशीम, उन्हानं रापलेली जमीन. हा चित्रपट चांगल्या प्रतीत पाहणं आणि वाईट प्रतीत पाहणं हे जवळजवळ दोन वेगळे चित्रपट पाहण्यासारखं आहे.

आता लांबी. कानमध्ये दाखवलेली प्रत थोडी जास्त लांब होती. विस्कोंतीनं स्वतः ती आटोपशीर करून १८५ मिनिटांची केली. आज इटालियन आवृत्ती म्हणतात ती हीच. अमेरिकेत फॉक्सनं मात्र १६१ मिनिटांची, इंग्रजीत डब केलेली प्रत लावली आणि तिचे प्रिंट टेक्निकलरऐवजी डीलक्स या दुसऱ्या रंगप्रक्रियेत काढले. रंग बिघडले. ही प्रत आपली म्हणायला विस्कोंतीनं जाहीरपणे नकार दिला. तरी अभ्यासकांना ती हवी असते, कारण लँकेस्टरचा स्वतःचा आवाज फक्त तिच्यात ऐकू येतो. इटालियन आवृत्तीत त्याला दुसऱ्या नटाचा आवाज आहे. म्हणूनच क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क-प्रकाशकानं २००४ च्या तीन डिस्कच्या डीव्हीडी संचात आणि २०१० च्या दोन डिस्कच्या ब्लू-रेमध्ये दोन्ही आवृत्त्या दिल्या.

तिसरा आकडा १७८. युरोपात डीव्हीडी पाल या तिथल्या टीव्हीच्या पद्धतीच्या असत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित होतो, पाल टीव्ही २५ दाखवतो. सगळा चित्रपट ४ टक्के वेगानं पळवला की प्रश्न मिटतो, आणि १८५ मिनिटांचा चित्रपट १७८ मिनिटांत संपतो. एकही दृश्य कापलेलं नसतं. त्यामुळे युरोपियन डीव्हीडीच्या पाठीवर १७८ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. हे पूर्ण खरं आहे, आणि माझ्या बाबतीत याच खरेपणाचा त्यानं आडोसा केला.

माझ्याकडे बीएफआयची (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची) जुनी डीव्हीडी होती. आमचा एक छोटा गट विस्कोंतीचे चित्रपट क्रमानं पाहतो, त्यासाठी मला अमेरिकन आवृत्ती असलेली ब्लू-रे हवी होती. बाहेरून मागवायची तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून किंमत फार वर जाते. संग्राहकांच्या एका गटात या माणसानं जाहिरात टाकली होती: ‘ओरिजिनल, दोन डिस्क, ४के रिस्टोअर्ड, इटालियन आणि अमेरिकन दोन्ही.’ (४के म्हणजे साध्या ब्लू-रेपेक्षा कितीतरी जास्त बारकाव्याचं चित्र, रिस्टोअर्ड म्हणजे दुरुस्त केलेलं.) बॉक्सचे फोटो स्वच्छ होते. मी डिस्कच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला, तोही आला. आतल्या कड्यावरचा क्रमांक वाचता येत होता. व्हिडिओ मागितला, तोही आला: बॉक्स उघडतो आहे, डिस्क काढतो आहे, पुस्तिका चाळतो आहे. बोलणं अतिशय अदबीचं. “सर, माझ्या वडिलांचं कलेक्शन आहे, घर बदलतोय म्हणून काढतोय.” पैसे यूपीआयनं गेले, पार्सल आठवड्याच्या आत आलं.

बॉक्स खरा वाटत होता. पुस्तिका पाहिली तेव्हा पहिली शंका आली. फोटोंमधले काळे भाग करडे होते, अक्षरांच्या कडा फाटलेल्या, म्हणजे स्कॅन करून छापलेली. डिस्क उलटी केली. कारखान्यात छापलेल्या ब्लू-रेची खालची बाजू चांदीसारखी असते आणि मधल्या पारदर्शक कड्याजवळ बारीक अक्षरांत क्रमांक आणि ‘आयएफपीआय’ असा ठसा असतो. इथे खालची बाजू तपकिरी छटेची होती, भाजलेला भाग जिथे संपला तिथे रंगाची स्पष्ट रेघ होती, आणि ठसा नव्हता. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घातली तर ड्राइव्हनंच सांगितलं: बीडी-आर. कोरी विकत मिळते ती डिस्क.

तरी पूर्ण चित्रपट पाहिला, कारण नेमकं काय विकलं गेलं ते मला कळायला हवं होतं. लांबी १७८ मिनिटं.

मी त्याला हे कळवल्यावर त्याचं उत्तर तयार होतं. “सर, युरोपियन प्रिंट आहे. युरोपात हा पिक्चर एवढाच असतो, कुठेही चेक करा.” कुणी चेक केलं तर त्याला १७८ हा आकडा खरोखर सापडेल. पण तो डीव्हीडीचा आकडा आहे. चित्रपटांच्या ब्लू-रे, मग त्या युरोपातल्या का असेनात, जवळजवळ नेहमी सेकंदाला २४ चौकटींवरच केलेल्या असतात, त्यांना पळवण्याची गरज नसते. ब्लू-रेवर हा चित्रपट १७८ मिनिटांत संपत असेल तर त्याचा अर्थ बहुधा एकच: कुणीतरी पाल डीव्हीडी उचलली, संगणकावर तिचं चित्र ताणून मोठं केलं आणि ब्लू-रेच्या साच्यात घातली.

कानांनीही हे पकडता येतं. ४ टक्के वेग वाढला की आवाजाची पट्टी चढते, पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमध्ये असतं त्याहून किंचित कमी. संवादात ते पटकन जाणवत नाही, संगीतात जाणवतं. शेवटच्या मेजवानीच्या प्रसंगात वाजणारा वॉल्ट्झ (नाचाची धून) जुन्या इटालियन संगीतकार वेर्दीचा आहे, तोवर अप्रकाशित राहिलेला, चित्रपटाचा संगीतकार नीनो रोतानं वाद्यवृंदासाठी बांधलेला. चित्रपटाच्या संगीताची ध्वनिमुद्रिका सहज मिळते. दोन्ही शेजारी लावून ऐका. माझ्या डिस्कवरचा वॉल्ट्झ वरच्या पट्टीत होता आणि घाईत होता.

चित्राचं जे झालं होतं त्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. गोष्टीतलं सरदार घराणं, सालिना कुटुंब, लांबच्या प्रवासानंतर दोन्नाफुगाता या आपल्या गावच्या वाड्याकडे पोहोचतं आणि तसंच, धुळीनं माखलेलं, चर्चमध्ये जाऊन बसतं. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकतो. ते लोक जिवंत आहेत की पुतळे, असा क्षणभर प्रश्न पडतो. सगळं घराणं संपत आल्याचं विस्कोंती तिथे एका वाक्याशिवाय सांगून टाकतो, आणि ते सांगणं पूर्णपणे त्या धुळीवर अवलंबून आहे. या डिस्कवर धूळ नव्हती. चित्र ताणल्यावर दिसणारे चौकोन लपवण्यासाठी फिल्मचा रवा (चित्रातले बारीक कण) पुसून टाकला होता, त्याबरोबर धूळही गेली. उरले ते मेणासारखे गुळगुळीत, किंचित करडे चेहरे. मेजवानीच्या प्रसंगात पालेर्मोच्या गांजी राजवाड्यातल्या मेणबत्त्यांभोवती पट्टे पट्टे दिसत होते. पिएरो तोसीनं घडवलेल्या पोशाखांचं कापड ओळखू येत नव्हतं. पाऊण तासाच्या आसपास चालणारा तो प्रसंग आमच्या गटातल्या तरुण मुलांनी पहिल्यांदा या डिस्कवर पाहिला असता, तर विस्कोंतीचं एवढं कौतुक का करतात हे त्यांना कधीच समजलं नसतं.

दुसऱ्या डिस्कवर अमेरिकन आवृत्ती होती, तीही कुठल्यातरी टीव्ही प्रसारणातून उचललेली. उजव्या कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह घासून टाकल्याचा धूसर चौकोन पूर्णवेळ थरथरत राहतो.

‘४के रिस्टोअर्ड’ या शब्दांविषयीही सांगायला हवं. या चित्रपटाचं मोठं पुनरुज्जीवन झालं, ती प्रत २०१० मध्ये कानमध्ये दाखवली गेली, दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांची द फिल्म फाउंडेशन आणि बोलोन्याचं सिनेतेका (चित्रपट-संग्रहालय) त्यात होते, गुच्चीनं पैसा दिला. हे सगळं खरं. पण चित्रपट ४के मध्ये दुरुस्त झाला याचा अर्थ हातातली डिस्क ४के आहे असा होत नाही. साधी ब्लू-रे १०८० ओळींचीच असते. आणि पुनरुज्जीवनानंतरच्या प्रत्येक डिस्कवर तीच नवी प्रत असते असंही नाही. विकणाऱ्यानं ४के म्हटलं की कुठल्या प्रकाशकाची, कुठल्या वर्षाची आवृत्ती, हे विचारा. मी विचारलं होतं आणि त्यानं क्रायटेरियनचं वर्षही बरोबर सांगितलं होतं. त्याच्या फोटोंतली आवृत्ती खरी होती. फक्त ती त्यानं मला पाठवली नाही. नंतर कळलं की ते फोटो आणि तो व्हिडिओ परदेशातल्या कुणा संग्राहकाचे होते, त्यानं दाखवण्याच्या हौसेनं टाकलेले.

इथून पुढे घेणाऱ्यांनी एवढं नक्की करावं. डिस्क मागच्या बाजूनं, शेजारी त्या दिवशीची तारीख आणि आपलं नाव हातानं लिहिलेला कागद ठेवून, असा फोटो मागावा. नुसता क्रमांक दिसणारा फोटो पुरत नाही. डिस्क लावून मेनूपासून सुरू केलेला व्हिडिओ मागावा आणि त्यात आपण सांगू तो मिनिट दाखवायला लावावा. या चित्रपटापुरतं बोलायचं तर एकूण लांबी पडद्यावर दाखवायला सांगा. रिजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते) विचारल्यावर विक्रेत्यानं ‘सगळीकडे चालते’ असं छातीठोक सांगितलं तर थांबा. क्रायटेरियनच्या ब्लू-रे सहसा रिजन एला कुलूपबंद असतात, बीएफआयच्या बी ला, आणि भारत येतो सी मध्ये. खरी डिस्क चालवायला बहुरिजन प्लेअर लागतो. जी डिस्क साध्या प्लेअरवर कुरकुर न करता चालते, तिच्याबद्दल उलट जास्त चौकशी करावी. माझी चालली होती.

एक गोष्ट मात्र फसवणूक समजू नका. चौकटीचा आकार (रुंदी-उंचीचं प्रमाण) आवृत्त्यांमध्ये वेगळा असू शकतो. टेक्निरामावरून ७० मिमी प्रिंट काढले तर २.२१:१, ३५ मिमी स्कोप (रुंद पडद्याचे) काढले तर २.३५:१, म्हणजे वरखाली थोडं चित्र जातं. दोन खऱ्या डिस्कमध्येही हा फरक दिसू शकतो. त्यावरून एखाद्या प्रामाणिक विक्रेत्याशी भांडू नये.

पैशाचं काय झालं? १७८ चा खुलासा मी खोडून काढल्यावर त्यानं दोन दिवस “बघतो सर” केलं आणि मग मला ब्लॉक केलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोपर्यंत रक्कम खात्यातून पुढे गेली होती. अशी फसवणूक कळताक्षणी फोन करावा, खुलासे ऐकत दिवस घालवू नयेत; रक्कम गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही बोललो. मोठ्या खरेदी-संकेतस्थळावरून घेतलं असतं तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं आहे. गटातल्या नावाआडून विकणाऱ्या माणसापर्यंत तो नियम पोहोचवणं फार कठीण जातं. गटाच्या प्रमुखांनी त्याला काढलं, ते त्यांनी लगेच केलं.

त्यानंतर ठाण्याच्या एका मित्रानं मला दुसऱ्या गटातली जाहिरात पाठवली. नाव वेगळं, चित्रपट वेगळा, तोही साठच्या दशकातला इटालियन, आणि मजकूर शब्दशः तोच: वडिलांचं कलेक्शन, घर बदलतोय. पैसे ज्या यूपीआय आयडीवर मागितले तोही तोच. मित्रानं त्याची तक्रार माझ्या तक्रारीचा क्रमांक देऊन नोंदवली आहे. तुमच्यापैकी कुणी अशी डिस्क घेतली असेल तर आधी ती ड्राइव्हमध्ये घालून बीडी-आर आहे का पाहा, पार्सलचं वेष्टन आणि पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि मला कळवा. आयडी जुळला तर मी माझ्या तक्रारीचा क्रमांक देतो, तो तुमच्या अर्जात लिहा. एकाच खात्याविरुद्धच्या तक्रारी एकत्र पाहिल्या जाव्यात, असा अर्ज मी पोलीस ठाण्यात दिला आहे.